पश्चिमेचा पहिला ओंडका

मेस्त्री देवळाबाहेर चप्पल घालूनच उभे राहत आणि तिथूनच हात जोडून निघत. पण पावसाळा सरल्यावर स्वतःच्या घराच्या भिंतीला पहिल्यांदा हात लावायचा असला, की चप्पल काढून ठेवत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "देवाला माझी गरज नाय. ह्या घराला हाय."

घर ओंडक्यांचं. पालीच्या थोडं अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून सातशे पावलं आत, काजूच्या बागेच्या उतारावर ते उभं आहे. आमच्याकडे जांभ्याची घरं आहेत, मातीची आहेत, आता स्लॅबची झाली. पण साल काढलेले गोल ओंडके एकावर एक आडवे रचून, कोपऱ्यात खाचेत खाच बसवून केलेलं घर माझ्या पाहण्यात हे एकच. चार भिंती, प्रत्येक भिंतीत बारा ओंडके, एकूण अठ्ठेचाळीस. ऐनाचे तीस, किंजळीचे अठरा. जोतं जांभ्याचं, अडीच फूट उंच. जोतं आणि पहिला ओंडका यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याची पट्टी, वाळवीला वर चढता येऊ नये म्हणून. छप्पर कौलांचं आणि चारी बाजूंनी साडेचार फूट बाहेर आलेलं. ही मापं मी स्वतः घेतलेली आहेत. मेस्त्रींना माप विचारलं तर ते हात पसरून दाखवत.

या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको भाड्याने राहायला आलो तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. नोकरी रत्नागिरीला, एका सरकारी कचेरीच्या सांख्यिकी विभागात. शहरात जागा मिळत नव्हती अशातला भाग नाही. बायकोला झाडं हवी होती. मेस्त्री पुढच्या तीन खोल्यांत एकटे राहत. त्यांची बायको आम्ही यायच्या दोन वर्षं आधी गेली होती. एकुलती मुलगी पुण्याला. त्यांनी भाडेकरू ठेवताना माझी कसलीच चौकशी केली नाही. फक्त विचारलं, "भिंतीला खिळा मारणार काय?"

"नाही," मी म्हणालो.

"कॅलेंडर कुठं लावशील मग?"

"दारामागे. दोरीने."

"सामान आण," ते म्हणाले.

मेस्त्री हे काही त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे सुतारालाही मेस्त्री म्हणतात आणि ते जहाजावरचे सुतार. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. कधीतरी नॉर्वेच्या एका बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं. तिथे टेकडीवर त्यांनी ओंडक्यांची घरं पाहिली आणि परत आल्यावर तसंच बांधायचं ठरवलं. त्यांचा हिशेब सरळ होता: बर्फात उभा राहतो, तर पावसात कशाला पडेल? गावाने अर्थातच मजा केली. ओंडक्यांचा ट्रक देवरूखच्या बाजूने आला त्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "मेस्त्री, वाळवीला नुसता निरोप धाडलात, की अक्षतापण दिल्यात?" मेस्त्री म्हणाले, "अक्षता दिल्यात. तू पण ये जेवायला."

ओंडके सगळे अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेले. चांदण्यात तोडलेलं लाकूड किडतं, अंधारात तोडलेलं किडत नाही, असं आमच्याकडे पूर्वापार मानतात. मी याची पडताळणी करू शकलेलो नाही. चांदण्यात तोडलेला एकही ओंडका घरात नसल्यामुळे तुलनेला काही नाही.

घर बांधलं त्या पहिल्या वर्षीची गोष्ट मला त्यांच्या मुलीने सांगितली. होड्यांना बाहेरून माशाचं तेल लावतात, म्हणून मेस्त्रींनी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून ते डबे भरून आणलं आणि सगळ्या घराला चोपडलं. दोन दिवसांत आसपासच्या वाड्यांतली मांजरं येऊन भिंती चाटायला लागली. मुलीने एकदा मोजली तेव्हा एकोणीस होती. मेस्त्रींच्या बायकोने पिशवी भरली आणि देवरूखला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "घर माणसांचा झाला की कळवा." ती सव्विसाव्या दिवशी परत आली. मांजरांतलं एक कायमचं राहिलं.

तेव्हापासून तेल काजूच्या टरफलाचं. काळं, जाड, अंगाला लागलं तर कातडी उतते, म्हणजे फोड येऊन सोलून निघते. पण वाळवी आणि भुंगा त्याच्या वाटेला जात नाहीत. दर वर्षी चैत्रात, लाकूड पुरतं सुकल्यावर, मेस्त्री ते रॉकेलमध्ये पातळ करून फडक्याने लावत. प्रमाण नाकाने ठरवत. पहिल्या वर्षी मी मदतीला गेलो तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत उतले. मेस्त्रींनी ते पाहून माझ्या बायकोला हाक मारली. "बाय गो, खोबरेल आण. तुझ्या घोवाला घराने ओळखलान."

मी त्या तेलाची नोंद ठेवायला लागलो. दर वर्षी एकवीस लिटर जायचं. माझ्या हिशेबाने एका ओंडक्याला बाहेरून चारशे वीस मिलिलिटर लागत होतं, म्हणजे अठ्ठेचाळिसांना वीस लिटरांहून थोडं अधिक. साधारण आठशे मिलिलिटरांचा मेळ लागत नव्हता. मी हे मेस्त्रींना तीन वर्षं सलग सांगितलं. पहिल्या वर्षी म्हणाले, "सांडला असेल." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "मांजराने खाल्लान." तिसऱ्या वर्षी नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यानंतर मला "आकडेवाल्या" म्हणायला लागले.

लाकडाबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती ते बोलून दाखवत. ओंडका सुकताना त्याला चिरा पडतात. वर तोंड असलेल्या चिरेत पाणी साठतं म्हणून तिथे होडीच्या फटीत ठासतात तसा कापूस आणि राळ ठासायची. खाली तोंड असलेली चीर तशीच सोडायची. "ती हसते हाय, हसूं दे तिला." भिंतीला टेकून लाकडं रचायची नाहीत. भिंतीवर वेल चढवायचा नाही. माझ्या बायकोने एकदा गोकर्णीचा वेल कोपऱ्याशी लावला होता, तो त्यांनी मुळासकट काढून कुंपणाशी नेऊन लावला आणि आठवडाभर त्याला पाणी घातलं. रंग, व्हार्निश काही नाही. "कातडीला लुगडा चालतो, प्लास्टिक नाय चालत. श्वास कसा घेईल?"

पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर झापं बांधायची, म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेले पडदे. वाऱ्याबरोबर येणारी झड ती अंगावर घेतात. हे तर आमच्याकडे सगळेच करतात. मेस्त्रींचा नियम एकच होता आणि तो ते दर वर्षी नव्याने सांगत. झाप आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा ठेवायची. "हात जायला हवा. नुसता बोट नाय, हात."

दर अमावास्येला सकाळी ते घर वाजवत. चिंचेच्या लाकडाची एक मोगरी होती, तिने प्रत्येक ओंडक्यावर तीन ठिकाणी ठोका मारायचा आणि कान द्यायचा. निकाल तीनच. जागा, झोपलेला, पोकळ. माझ्या काळात सगळेच्या सगळे जागे असत, फार तर जुलैत एखाददुसरा झोपलेला. मी वहीत लिहून घेई. पुढे मी ओलावा मोजायचं छोटं यंत्र आणलं, त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा येतो. वीस टक्क्यांच्या खाली लाकूड सुरक्षित. मग वहीत दोन रकाने झाले. एक मेस्त्रींचा, एक यंत्राचा. यंत्राला ते "इंजेक्शन" म्हणत आणि टोचताना दुसरीकडे बघत. पण निकाल बहुतेक जुळत. एकदा उत्तरेच्या सातव्या ओंडक्याला ते झोपलेला म्हणाले आणि यंत्राने बावीस दाखवले, तेव्हा त्यांनी मला चहा पाजला.

या वाजवण्यावर एक गोष्ट अवलंबून होती. बायको गेल्यावर मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली होती. त्यांनी तिला शब्द दिला. ज्या दिवशी ह्या घरातला एक जरी ओंडका पोकळ वाजेल, त्या दिवशी मी बॅग भरीन. तोवर हा विषय नाही. मुलीने ते मान्य केलं. दर दिवाळीला ती येई आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, अमावास्याच ती, वडिलांबरोबर घराला फेरी घाली. मेस्त्री वाजवत, ती ऐके, मी लिही. फेरी झाली की ती म्हणे, "ठीक आहे बाबा, पुढच्या वर्षी बघू." आणि फराळाला बसत.

सातव्या वर्षी मे महिन्यात मेस्त्रींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्या वर्षी झापं मी बांधली. वीतभर अंतर ठेवूनच बांधली होती. पण पहिल्याच वादळी वाऱ्यात ती भिंतीवर आपटायला लागली आणि चार दिवस आपटत राहिली. मी बाहेर जाऊन दोऱ्या ओढल्या आणि झापं सरळ ओंडक्यांनाच आवळून टाकली. आपटणं थांबलं. झाप भिंतीला जितकं चिकटून, तितकी भिंत सुरक्षित, असंही मला वाटलं होतं. पुढच्या वर्षी मेस्त्रींच्या गुडघ्यांना पश्चिमेचा उतार झेपेना, म्हणून झापं पुन्हा मीच बांधली, सुरुवातीपासूनच आवळून. त्यांनी पुढच्या अंगणातून ओरडून विचारलं, "हात जातो काय रे?" मीही ओरडून म्हणालो, "जातो."

त्या आठव्या वर्षी दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी मी झापं सोडली. पश्चिमेच्या पहिल्या ओंडक्याला, म्हणजे सगळ्यांत खालच्याला, दोरीचे वळ पडले होते आणि वळांच्या मध्ये लाकूड काळसर, मऊ झालं होतं. यंत्र टोचलं. सुया लोण्यात जाव्यात तशा गेल्या. चौतीस. पावसात हा ओंडका झापांमुळे बाहेरून वाजवता येत नाही आणि आतून तो जमिनीच्या फळ्यांआड असतो, म्हणून चार महिने कोणाला पत्ता नव्हता.

मेस्त्री काठी टेकत, एकेक पाऊल टाकत उतारावर आले. चप्पल काढली. मोगरी घेऊन ओंडक्यावर तीन ठोके मारले. मला आवाज स्पष्ट ऐकू आला. भोपळ्यावर थाप मारावी तसा.

"जागा हाय," मेस्त्री म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते.

त्यांच्या रकान्यात मी "जागा" लिहिलं, कारण रकाना त्यांचा होता. माझ्या रकान्यात चौतीस लिहिलं. मग वर्षभरातल्या काही गोष्टी एकापुढे एक ठेवल्या. कुकरच्या शिट्टीला ते वळून बघत नसत. बायकोने "मेस्त्रीकाका, चहा ठेवलाय" म्हटलं की "होय तर, पाऊस येईलसा वाटतो" असं काहीतरी म्हणत. मागच्या अकरा अमावास्यांचे निकाल मी काढून पाहिले. एकदाही झोपलेला नाही, अगदी जुलैतसुद्धा. यंत्राने जुलैत चार ओंडके बावीसच्या वर दाखवले होते. दोन्ही रकाने माझ्याच अक्षरात होते आणि मी ते शेजारी ठेवून वाचले नव्हते.

लक्ष्मीपूजनाला पंधरा दिवस होते. मुलीचे कान चांगले होते. मी गप्प राहिलो तर तिला ओंडका कळणार होता आणि त्याबरोबर वडिलांचे कानही, तेही त्यांच्यासमोर. सांगितलं तर घर सुटणार होतं. मी बायकोला चौतीसबद्दल सांगितलं, दोऱ्यांबद्दल नाही. ती म्हणाली, "सांगायचं तर सांगा, नसेल सांगायचं तर नका सांगू. पण रोज सकाळी त्यांना 'बरं आहे ना' म्हणून विचारताय, ते बंद करा."

सहाव्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोन्ही रकान्यांवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पान उलटून मागचं वाचलं, आणखी मागचं वाचलं. मग उठले, हत्यारांच्या पेटीतून हातभर लांब सळई काढली आणि पश्चिमेकडे चालायला लागले. उतारावर मी हात दिला तो त्यांनी धरला.

ओंडक्यासमोर ते मांडी घालून बसले. सळईचं एक टोक लाकडावर टेकवलं, दुसरं दातांत धरलं, म्हणजे ठोका कानांना चुकवून हाडांतून पोचतो. मला खुणेने मोगरी दिली. मी आधी दक्षिणेच्या पहिल्या ओंडक्याच्या कोपऱ्यावर ठोका मारावा असं त्यांनी दाखवलं. सळई तिकडे वळवली, मी मारला, त्यांनी मान हलवली. मग पश्चिमेच्या ओंडक्यावर. एक. त्यांचे डोळे मिटलेले होते. दोन. तीन. त्यांनी सळई तोंडातून काढली आणि सदऱ्याला पुसली.

"मेलाय," ते म्हणाले.

मग बोटाने दोरीचा वळ चाचपला. कितीतरी वेळ चाचपत होते.

"वीत म्हंजे किती रे, आकडेवाल्या?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणालो, "नऊ इंच."

"तू किती ठेवलास?"

"शून्य."

"दोन्ही वर्षं?"

"पहिल्या वर्षी चार दिवसांनंतर. दुसऱ्या वर्षी पहिल्यापासून."

"वहीत लिहिलास काय?"

मी नकारार्थी मान हलवली. आठ वर्षांच्या त्या वहीत तेल होतं, ओलावा होता, पाऊस होता. हा एक आकडा नव्हता.

"लिही," ते म्हणाले. मी तिथेच, उकिडवा बसून लिहिलं. त्यांनी वही घेऊन डोळ्यांजवळ धरली आणि नीट लिहिलंय का ते पाहिलं. एवढंच.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मुलगी फेरीला आली. मेस्त्रींनी सत्तेचाळीस ओंडके वाजवले. निकाल एकही सांगितला नाही, मला नुसतं "यंत्राचा लिही" म्हणाले. शेवटी पश्चिमेच्या पहिल्याशी थांबले आणि मोगरी मुलीच्या हातात दिली.

"मारा की बाबा तुम्ही."

"तू मार."

तिने एक ठोका मारला. थांबली. दुसरा फार हलकेच मारला. तिसरा मारलाच नाही.

"जागा आहे बाबा," ती म्हणाली.

गेली दहा वर्षं त्यांना पुण्याला न्यायची वाट पाहणारी मुलगी ती. मेस्त्रींना शब्द ऐकू गेला की नाही, मला ठाऊक नाही. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आवशीवर गेलीस," ते म्हणाले. "खोटा बोलताना कान लाल होतात."

मग तिने पुष्कळ समजावलं. ओंडका बदला, बदलला की झालं, बाकीचे सत्तेचाळीस ठीक आहेत, मी कुठे लगेच चला म्हणतेय. हे सगळं ती मोठ्याने बोलत होती आणि ते ऐकत होते, किंवा बघत होते. शेवटी म्हणाले, "शब्द वाजण्याचा होता बाय, बदलण्याचा नव्हता. पण बदलून जाईन."

नवा ओंडका कुठून आणायचा, हा मला प्रश्न होता. ओलं लाकूड चालत नाही, सुकायला वर्षं जातात. मेस्त्रींनी मला बागेतल्या खोपीत नेलं. तिथे माळ्यावर, जांभ्याच्या दगडांवर उचलून ठेवलेले, गोणपाटाखाली दोन ओंडके होते. ऐनाचे. साल काढलेले, काळेभोर, तेलाने चकाकणारे. घर बांधलं तेव्हाच जास्तीचे घेतलेले.

"घे तुझा तेल," मेस्त्री म्हणाले.

मी मनातल्या मनात भागाकार केला. पन्नास ओंडके, एकवीस लिटर. चारशे वीस बरोबर येत होतं.

कार्तिकात दोन होडीबांधणारे सुतार आणले. चार जॅक लावून पश्चिमेची भिंत पाऊण इंच उचलली. घराने एक लांब आवाज केला. तो मेस्त्रींनी सळई दातांत धरून ऐकला आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग हात पुन्हा खाली केला. जुना ओंडका तुकड्यातुकड्यांनी निघाला, नवा दीड दिवसात बसला. मेस्त्रींनी खाचा स्वतः तासल्या, बसूनच. पौषात आमच्याकडे कोणी मुक्काम हलवत नाही, म्हणून ते माघात गेले. मुलीच्या गाडीत बसताना त्यांनी मोगरी माझ्या बायकोच्या हातात दिली, माझ्या नाही. "बाय, तुला कान हायत. ह्याच्याकडे नुसता इंजेक्शन हाय." सळई मात्र बरोबर नेली. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर ती कशाला लावणार, हे मी विचारलं नाही.

घर त्यांचंच आहे, आम्ही सांभाळतो. अमावास्येला बायको वाजवते, मी टोचतो. वहीचे रकाने अजून दोनच आहेत आणि आता मी ते शेजारी ठेवून वाचतो.

या मे महिन्याच्या शेवटी मी झापं बांधत होतो. या वेळी भिंतीपासून दूर आडवे बांबू रोवून त्यांना बांधत होतो, म्हणजे वारा आला तरी आपटणार नाहीत आणि आवळावीही लागणार नाहीत. बायको फोन घेऊन उतारावर आली. पुण्याहून होता. तिने तो माझ्या कानाला लावून धरला.

"बाबा विचारतायत," मुलगी म्हणाली, "हात जातो काय?"

मी हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत गार होतं आणि वारा वाहत होता.

"जातो," मी म्हणालो.

पलीकडे तिने ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. मग लांबून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. "जातो मागच्या वेळीपण म्हणाला होता. त्याला म्हणावं, आकडा सांग."

टेप खिशात होती. मी मोजलं आणि सांगितलं. "साडेनऊ इंच."

पुन्हा पलीकडे ओरडणं.

"लिहिलंत का, म्हणून विचारतायत," मुलगी म्हणाली.

वही काखेत होती. मी बायकोला ती उघडून धरायला सांगितली आणि उजव्या हाताने लिहिलं. डावा अजून झापाच्या आतच होता.